पी.डी.एफ. बिल : छापते यंत्र, जबाबदारी दुकानदाराची

2022 च्या जून महिन्यातील गोष्ट आहे. डहाणू तालुक्यातील सरावली येथील आमच्या दुकानातून एका शाळेला गणवेशाचे 140 जोड दिले. दर जोडी 450 रुपये, म्हणजे 63,000 रुपये. त्यावर 5 टक्के जी.एस.टी.चे 3,150 रुपये. एकूण 66,150 रुपये. बिल संगणकावर तयार केले, पी.डी.एफ. काढली आणि पाठवून दिली. हाताने बिल लिहिण्याची कटकट संपली म्हणून आम्ही खुशीत होतो.

जुलै गेला, ऑगस्ट गेला, पैसे आले नाहीत. सप्टेंबरात मी स्वतः जाऊन चौकशी केली. तेथील लिपिकाने फाइल काढून बिल माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, ''भाई, हे बिल आमच्या संस्थेच्या नावाचे नाही. हे नाव तुम्हीच वाचून दाखवा.'' मी वाचू लागलो आणि अडखळलो. 'विद्यालय' मधील वेलांटी 'व' च्या पुढे जाऊन पडली होती, 'द्य' चे दोन तुकडे झाले होते, आणि 'प्राथमिक' हा शब्द ओळखूच येत नव्हता. तीन महिने ते बिल तसेच पडून होते. त्या गणवेशांची शिलाई तीन कारागिरांनी केली होती. जोडीमागे 120 रुपये, म्हणजे त्यांचे 16,800 रुपये येणे होते. निम्मे मी गल्ल्यातून दिले; बाकीच्यासाठी त्यांना थांबावे लागले. चूक संगणकाची, असे त्यांना सांगताना माझी मलाच शरम वाटली, कारण बिल पाठवण्यापूर्वी मी ते वाचले नव्हते.

आज आपल्यापैकी बरेच व्यापारी आणि कारागीर बंधू कोणा ओळखीच्या तरुणाकडून बिलाचा प्रोग्राम बनवून घेतात. घोलवडचा चिकू पाठवणारा असो, डहाणूतील फुग्याच्या कारखान्यास माल देणारा असो वा शिलाईचे काम घेणारा असो, प्रत्येकास पी.डी.एफ. बिल द्यावे लागते. हे बिल आतून कसे तयार होते आणि ते कोठे दगा देते, हे आपणास ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

पी.डी.एफ. कशासाठी?

अमेरिकेतील अडोबी कंपनीने 1993 साली पी.डी.एफ. बाजारात आणली. हेतू साधा होता : एका संगणकावर तयार केलेला कागद दुसऱ्या संगणकावर जसाच्या तसा दिसावा. त्यासाठी प्रत्येक अक्षर पानावर कोठे बसणार याची जागा या फाइलमध्ये नोंदलेली असते, आणि अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्टसुद्धा, फाइलमध्येच भरून पाठवता येतो. ग्राहकाच्या मोबाइलमध्ये मराठी फॉन्ट असो वा नसो, बिल सारखेच दिसते. 2008 साली या पद्धतीस आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे ती कोण्या एका कंपनीच्या मर्जीवर राहिली नाही, आणि पी.डी.एफ. बनवणारी साधने कोणीही तयार करू शकतो.

भाषा आणि लायब्ररी

बिलाचा प्रोग्राम इंटरनेटवर चालणारा असेल तर तो बहुधा पी.एच.पी. या भाषेत लिहिलेला असतो. रासमस लेरडॉर्फ यांनी ती 1995 साली जगापुढे ठेवली. स्वस्त भाड्याच्या सर्व्हरवरही ती चालते, म्हणून लहान धंद्यास ती परवडते. परंतु पी.एच.पी.चे मूळ काम वेब पान तयार करण्याचे आहे. पी.डी.एफ. बनवण्याची विद्या तिच्या अंगात नाही. ती बाहेरून आणावी लागते. बाहेरून आणलेल्या या तयार प्रोग्रामांच्या गाठोड्यास लायब्ररी म्हणतात.

आपल्या धंद्यातील उदाहरण घ्या. दुकानदार कापड विकतो, माप घेतो, गिऱ्हाईक सांभाळतो. शिलाई मात्र बाहेरच्या कारागिराकडे देतो. पी.एच.पी. म्हणजे दुकानदार आणि लायब्ररी म्हणजे शिलाई कारागीर. ग्राहकाचे नाव, मालाची यादी, दर आणि कर ही मापे पी.एच.पी. काढून देते, कागद शिवून देण्याचे काम लायब्ररी करते. माप चुकीचे दिले तर कारागीर चुकीचेच शिवील. आणि हेही खरे की प्रत्येक कारागिरास प्रत्येक काम येत नाही. शर्ट शिवणाऱ्यास शेरवानी देऊन चालत नाही.

काम करण्याच्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. पहिल्या पद्धतीत कागदाची मोजणी करून सांगावे लागते : ए-4 कागद 210 मिलिमीटर रुंद आणि 297 मिलिमीटर उंच, वरून इतके, डावीकडून इतके सोडून दुकानाचे नाव छाप, खाली इतक्या रुंदीचा चौकोन काढ. एफ.पी.डी.एफ. ही लायब्ररी अशा रीतीने चालते. ती लहान आहे, वेगवान आहे आणि विनामूल्य आहे. दुसऱ्या पद्धतीत बिलाचे आधी वेब पान तयार करतात आणि लायब्ररी त्याचे पी.डी.एफ. करते. डॉम-पी.डी.एफ. आणि एम-पी.डी.एफ. या लायब्ररी असे काम करतात. टी.सी.पी.डी.एफ. ला दोन्ही पद्धती येतात. बिलात बदल करणे दुसऱ्या पद्धतीत सोपे जाते.

मराठी अक्षरे का तुटतात?

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, म्हणून ही गोष्ट मला उर्दूवरून लवकर समजली. उर्दूत 'बे' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीस एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे, आणि एकटे असेल तर चौथे. संगणकात मात्र चारही ठिकाणी एकच 'बे' साठवलेला असतो. शेजारचे अक्षर पाहून योग्य रूप निवडणे हे छापणाऱ्याचे काम आहे.

देवनागरीचेही तसेच आहे. 'वि' लिहिताना आपण वेलांटी 'व' च्या आधी काढतो, पण युनिकोड पद्धतीत संगणक आधी 'व' साठवतो आणि मग वेलांटी. 'श्री' साठवताना श, हलन्ताची खूण, र आणि दीर्घ वेलांटी असे चार तुकडे असतात. छापतेवेळी वेलांटी उचलून आधी नेणे आणि तुकडे सांधून जोडाक्षर घडवणे आवश्यक असते. ज्या लायब्ररीस हे सांधकाम येत नाही ती साठवलेल्या क्रमानेच एकेक तुकडा छापत जाते. इंग्रजीत असे सांधकाम लागत नाही, म्हणून इंग्रजी बिल सुरेख येते आणि मराठी बिलाची चाळण होते.

आमच्या बाबतीत फसगत कशी झाली तेही सांगतो. प्रोग्राम करणाऱ्या तरुणाने नमुना म्हणून 'सरावली, डहाणू' एवढेच छापून दाखवले. ते अगदी बरोबर आले. त्यात ऱ्हस्व वेलांटी नाही आणि जोडाक्षरही नाही! 'तलासरी' छापले असते तरी बरोबरच आले असते. नुसते 'जि. पालघर' छापून पाहिले असते तर त्याच दिवशी दोष कळला असता.

कोणती लायब्ररी घ्यावी?

बिल संपूर्ण इंग्रजीत द्यायचे असेल तर एफ.पी.डी.एफ. पुरेशी आहे. मूळ एफ.पी.डी.एफ. मराठी अक्षरे छापत नाही. तिच्यात युनिकोडची सोय जोडून देवनागरी आणता येते, परंतु सांधकाम तरीही होत नाही. डॉम-पी.डी.एफ. मध्येही मराठी जोडाक्षरांची हीच अडचण आहे. टी.सी.पी.डी.एफ. अरबी लिपीची अक्षरे जोडते आणि उजवीकडून डावीकडे लिहिते. देवनागरीचे सांधकाम मात्र करीत नाही.

मराठीसाठी या चौघींपैकी एम-पी.डी.एफ. उपयोगी पडते. ती भारतीय लिप्यांची जोडाक्षरे घडवू शकते. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते : आपला फॉन्ट तिला जोडून देताना ओपनटाइप मांडणीचा पर्याय चालू करावा लागतो. तो राहून गेला तर अक्षरे पुन्हा तुटतात, आणि मग लोक लायब्ररीस दोष देतात. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त हे फॉन्ट विनामूल्य आहेत आणि बिलात भरून पाठवण्यास परवाना आडवा येत नाही.

दुसरा मार्ग क्रोम ब्राउझरचा आहे. 2017 पासून क्रोम खिडकी न उघडता सर्व्हरवर चालवता येतो आणि वेब पानाचे पी.डी.एफ. करून देतो. मराठी आणि उर्दू दोन्ही त्यात नीट येतात. परंतु त्यास सर्व्हरची ताकद अधिक लागते, आणि स्वस्त भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर बहुधा त्याची परवानगी नसते. लहान दुकानास एम-पी.डी.एफ. बरी, मोठ्या पेढीस क्रोमचा मार्ग बरा, असे माझे मत झाले आहे.

आणखी एक सूचना. छापखान्यातून मालाची जुनी यादी आणून ती प्रोग्राममध्ये चिकटवू नका. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आतून तो युनिकोड नसतो. त्याचे पी.डी.एफ. केले की भलतीच इंग्रजी अक्षरे उमटतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी.

रुपयाची खूण आणि स्वल्पविराम

रुपयाची '₹' ही खूण भारत सरकारने जुलै 2010 मध्ये स्वीकारली. पी.डी.एफ.चे जुने ठरावीक फॉन्ट त्यापूर्वीचे आहेत, त्यांत ही खूण नाही. अशा फॉन्टमध्ये बिल छापले की रकमेपूर्वी प्रश्नचिन्ह नाही तर भलतेच चिन्ह येते. एक तर खूण असलेला फॉन्ट घ्यावा, नाही तर सरळ 'रु.' लिहावे.

दुसरी गोष्ट लाखाची. पी.एच.पी.ची आकडे मांडण्याची नेहमीची पद्धत परदेशी आहे. ती सव्वा लाख 125,000 असे लिहिते. आपण 1,25,000 लिहितो. अक्षरी रक्कमही ती आपोआप मराठीत देत नाही. या दोन्ही गोष्टी प्रोग्राम करणाऱ्याकडून मुद्दाम करून घ्याव्या लागतात.

क्रमांक, कर आणि सीमेपलीकडील ग्राहक

बिल कितीही देखणे असले तरी कायद्यात बसले नाही तर त्याचा उपयोग नाही. जी.एस.टी.च्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक 16 चिन्हांपेक्षा लांब नसावा, ओळीने चढता असावा आणि त्या आर्थिक वर्षात तो दुसऱ्यांदा येऊ नये. येथे एक खोच आहे. दुकानात दोन जण दोन मोबाइलवरून एकाच क्षणी बिल करतात. प्रोग्राम कच्चा असेल तर दोघांनाही 147 क्रमांक मिळतो. म्हणून क्रमांक देण्याचे काम पी.डी.एफ. बनवण्याच्या आधी, डेटाबेसमध्ये कुलूप लावून झाले पाहिजे. बिल रद्द झाले तरी तो क्रमांक दुसऱ्यास देऊ नये. रद्द अशी नोंद ठेवावी.

आपला भाग सीमेवरचा आहे. डहाणू रोडनंतर घोलवड आणि त्यापुढचे उंबरगाव स्टेशन गुजरातेत. माल तलासरीस पोचवला तर केंद्र आणि राज्य असे दोन कर निम्मे निम्मे लावायचे. तोच माल उंबरगाव, वापी किंवा सिल्वासा येथे पोचवला तर एकच आय.जी.एस.टी. ग्राहकाच्या जी.एस.टी. क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात : महाराष्ट्र 27, गुजरात 24, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव 26. पण कर ठरतो तो माल कोठे पोचतो यावर. म्हणून प्रोग्राममध्ये माल पोचण्याच्या राज्याची नोंद वेगळी करण्याची सोय असावी.

जे बंधू कंपोझिशन योजनेत आहेत त्यांनी बिलात कर वेगळा दाखवायचा नसतो, आणि त्यांच्या कागदावर 'बिल ऑफ सप्लाय' असे लिहावे लागते. ज्यांची नोंदणीच नाही त्यांनीही कर लावू नये. दुसऱ्याच्या दुकानाचा तयार नमुना उचलून वापरला तर कराचे रकाने तसेच राहून जातात. ते काढून टाकावेत. वर्षाची उलाढाल 5 कोटींच्या वर असलेल्यांना ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे, त्यांच्या पी.डी.एफ. वर सरकारी नोंदणीतून मिळालेला क्यू.आर. कोड छापावा लागतो.

बिल एकदाच बनवावे

ही चूक आमच्या प्रोग्रामात झाली, ती सविस्तर सांगतो. जुलै 2025 मध्ये एका ग्राहकास 1,400 रुपये नगाचे 10 तयार कपडे दिले. 14,000 रुपयांवर त्या वेळचा दर 12 टक्के, म्हणजे 1,680 रुपये कर. बिल 15,680 रुपयांचे. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर 5 टक्के दर झाला. ऑक्टोबरमध्ये त्या ग्राहकाने जुन्या बिलाची प्रत मागितली. मुलाने बटण दाबले आणि प्रत निघाली 14,700 रुपयांची! क्रमांक तोच, तारीख तीच, रक्कम दुसरी. ग्राहकाने 1,680 रुपयांचा परतावा आधीच हिशोबात धरला होता. त्याने विचारले, ''यातले खरे बिल कोणते?''

कारण असे की प्रोग्राम जुनी पी.डी.एफ. जपून ठेवत नव्हता. मागेल तेव्हा नव्याने बनवत होता, आणि दर आजच्या तक्त्यातून उचलत होता. पहिले बिल आमच्या संगणकात सापडले म्हणून वेळ निभावली. तेव्हापासून आम्ही नियम केला : बिल तयार झाले की त्यातील दर, कर आणि पत्ता त्या बिलाबरोबरच गोठवायचा, पी.डी.एफ. एकदाच बनवायची, आणि प्रत मागितली की तीच फाइल द्यायची. दुरुस्ती करायचीच असेल तर क्रेडिट नोट किंवा डेबिट नोट काढावी. जुन्या बिलास हात लावू नये.

बिले ठेवायची कोठे?

जी.एस.टी. कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने कागदपत्रे सांभाळावी लागतात. 2023-24 च्या बिलांसाठी हा हिशोब 31 डिसेंबर 2030 पर्यंत जातो. सर्व्हरचे भाडे भरण्यास विसरलो तर सर्व बिले एका दिवसात जातील, म्हणून महिन्याच्या महिन्याला प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवावी. मराठी पी.डी.एफ. दिसण्यास बरोबर असली तरी त्यातून मजकूर पुन्हा उचलताना तो बिघडू शकतो. यास्तव मूळ नोंदींची, म्हणजे डेटाबेसचीही प्रत ठेवावी.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. काही प्रोग्राम सर्व पी.डी.एफ. सर्व्हरवरील उघड्या जागेत ठेवतात आणि फाइलला 147, 148 अशी नावे देतात. ज्यास 147 ची लिंक मिळाली त्याने आकडा बदलून 148 केला की दुसऱ्या ग्राहकाचे नाव, माल, भाव सगळे त्याच्यासमोर! आपला भाव प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. बिले बंद जागेत ठेवून, मागणारा कोण हे तपासूनच प्रोग्रामने फाइल द्यावी.

पी.डी.एफ. बदलता येत नाही, असा समजही सोडून द्यावा. साध्या साधनांनी ती बदलता येते. फेरफार झाला की ओळखू यावे असे वाटत असेल तर डिजिटल सही लावावी. त्यासाठी प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि खर्च येतो. मोठ्या व्यवहारात तो करण्यासारखा आहे. टी.सी.पी.डी.एफ. मध्ये अशा सहीची सोय आहे.

पैसे देण्यापूर्वी हे तपासावे

बंधूंनो, प्रोग्राम करणाऱ्या तरुणास दोष देण्यापूर्वी आपण त्यास नीट सांगितले होते काय, हे पाहावे. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी आपल्यासमोर पुढील गोष्टी करून घ्याव्यात :

1) 'श्री', 'जि.', 'विद्यालय', 'प्राथमिक', 'विक्रमगड', 'कारागीर' हे शब्द असलेले बिल काढून ते मोबाइलवर आणि कागदावर दोन्ही ठिकाणी वाचून पाहावे.

2) सव्वा लाखाचे एक बिल काढून स्वल्पविराम, रुपयाची खूण आणि अक्षरी रक्कम तपासावी.

3) तलासरीचा एक आणि उंबरगावचा एक ग्राहक घेऊन कर बरोबर लागतो का, ते पाहावे.

4) दोन मोबाइलवरून एकाच वेळी बिल करून क्रमांक वेगळे येतात का, हे पाहावे.

5) दराच्या तक्त्यात बदल करून जुन्या बिलाची प्रत काढावी. एक पैशाचाही फरक पडता कामा नये.

6) बिलाच्या लिंकमधील आकडा बदलून दुसऱ्याचे बिल उघडते का, ते पाहावे. उघडले तर काम अपुरे आहे.

7) लायब्ररीचे नाव आणि परवाना लिहून घ्यावा. वर सांगितलेल्या चारही लायब्ररी आपल्या दुकानासाठी वापरण्यास पैसे पडत नाहीत. कोणी त्यांच्या नावाने पैसे मागितले तर विचारणा करावी. मात्र तोच प्रोग्राम इतरांना विकायचा असेल तर परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात.

एवढी तपासणी एका दुपारी होते. त्या शाळेचे पैसे आम्हास शेवटी मिळाले. त्याच क्रमांकाचे, त्याच तारखेचे बिल नाव नीट छापून दिल्यावर पंधरा दिवसांत मिळाले. शिलाईचे बाकी पैसे त्याच संध्याकाळी तिघांच्या घरी पोचते केले. त्या दिवसापासून आमच्या दुकानातून निघणारे प्रत्येक बिल आधी एक जण मोठ्याने वाचतो आणि मगच ते पाठवले जाते.